गुरूचा अस्त आणि आमची आखिती

एप्रिल सुरू झाला की माझं डोकं फिरायला लागतं. शाळा सकाळची होते, नववीच्या पेपरांचे गठ्ठे घरी येतात, पंखा गरम हवा ढवळत राहतो आणि हायवेपलीकडच्या मंगल कार्यालयातून सनईची तीच ती रेकॉर्ड सुरू होते. आमच्या मिरजगावात माणसं या दिवसांत दोनच कामं करतात, कांदा काढतात आणि लग्नाला जातात. एकाच दिवशी दोन्ही केली तर केसांत अक्षता आणि हाताला कांद्याचा वास, असं होतं. माझं त्याला काही म्हणणं नाही. पण परवा स्टाफरूममध्ये आमचे इतिहासाचे सर पाय पसरून म्हणाले, "औंदा गुरू चांगला हाय बाई, तिथ्या भरपूर हायेत," आणि मी पेपरांचा गठ्ठा असा आपटला की त्यांच्या कपातला चहा बशीत आला.

गुरू चांगला आहे म्हणजे काय? मी विज्ञान शिकवते. गुरू हा वायूचा एक अवाढव्य गोळा आहे, त्याला पुष्कळ चंद्र आहेत, त्यांतल्या काहींवर बर्फ आहे आणि बर्फाखाली बहुतेक पाणी आहे. मिरजगावातल्या कुणाची हळद कधी लागते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. माझं स्वतःचं लग्न पत्रिका तीन ठिकाणी दाखवून, गुरुबळ बघून लागलं होतं. ते किती चाललं ते गावाला ठाऊक आहे. तेव्हापासून मी माहेरी, दादाच्या अंगणातल्या दोन खोल्यांत राहते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मला तो अजून शके म्हणतो.

सर बिचारे सहज बोलले होते. त्यांना काय माहीत की गुरू म्हटलं की मला तीन वर्षांपूर्वीचा तो एप्रिल आठवतो.

त्या एप्रिलात दादाच्या सईचं लग्न ठरलेलं होतं. एकुलती एक पोर. साखरपुडा माघात झाला होता. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीत नोकरीला, स्वभावानं गरीब, मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारा पण विचारलं की सरळ उत्तर देणारा. व्याही भिंगारचे, लष्कराच्या डेपोत नोकरी करून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि प्रत्येक गोष्ट रीतसर व्हावी हा आग्रह. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, रागाला जागा तरी मिळाली असती.

दादाला शुगर होती. आमच्याकडं शुगर झालेला माणूस गोळी विसरतो आणि गुळाचा खडा विसरत नाही, तसंच त्याचं. मग एका डोळ्याला जाळं आल्यासारखं झालं, मग दुसऱ्याला. नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या शिरा फार नाजूक झाल्यात, डावा डोळा जवळपास गेलाच आहे, उजव्याला इंजेक्शनं देत राहू, पण रक्त कधी उतरेल याचा भरवसा नाही. घरात काही महत्त्वाचं असेल तर लांबवू नका. येताना एसटीत दादा खिडकीशी बसला होता. घोगरगावच्या पुढं गेल्यावर म्हणाला, "शके, मला दुसरं काय नगं. सईला मुंडावळ्या बांधलेली डोळ्यांनी बघायची हाय. मंग जाऊ दे काय जायचंय ते."

आणि दुसरं वाक्य त्याच दमात म्हणाला. "भिंगारला ह्यातलं काय बोलायचं न्हाई. पोरीच्या घराण्यात डोळं जात्यात म्हनलं तर सोयरीक मोडंल."

झालं. लग्न लवकर तर हवं, पण लवकर का हवं ते सांगायचं नाही. अशा कोंडीत आम्ही सगळे अडकलो. मी, दादा, वहिनी आणि सई. सई मला म्हणाली, "आत्या, आम्ही कोर्टात जाऊन सह्या करतो, मग सावकाश लग्न करा." मला पटलं. दादा भडकला. कोर्टात काय बघायचं, म्हणाला, वकिलाचा कोट?

आणि त्यात गुरूचा अस्त. गुरू त्या महिन्यात सूर्याच्या पलीकडं गेला होता, सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला होता. एवढाच त्याचा अर्थ. पंचांग त्यात खोटं बोलत नव्हतं हे मी कबूल करते. पण दिसत नाही म्हणून लग्नं बंद, हे पुढचं कुणी कुणाला सांगितलं? गुरू दिसेनासा झाला तर तो काय संपावर गेला? सबंध एप्रिल लग्नाविना रिकामा पडला. मंडपवाले झाडाखाली पत्ते कुटत बसले. दादा अंगणातल्या लिंबाखाली बसून उजव्या डोळ्यानं समोरची पाण्याची टाकी बघायचा आणि रोज वहिनीला विचारायचा, टाकीवर आज कावळा बसलाय का. बसलेला असायचा.

आणि नेमकं त्याच दिवसांत पलीकडं, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून, गुरूकडं यान निघायचं होतं. त्या बर्फाळ चंद्रांकडं. माणूस नाही, नुसतं यंत्र. आठ वर्षांचा प्रवास. मला इतका आनंद झाला होता की मी परीक्षेच्या गडबडीतही नववीची पोरं थांबवून घेतली. प्रयोगशाळेत टीव्ही लावला, खिडक्यांना पोती लावली, फळ्यावर गुरू काढला. एवढी पोरं त्या खोलीत, घामाचा आणि खडूचा वास, आणि मागच्या बाकावर कैरी-मीठ चाललेलं. सगळी गप्प झाली. आणि मग तिकडं ढग आले. वीज पडण्याची भीती म्हणून उड्डाण उद्यावर. पोरांचा जो काय आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. एक पोरगी म्हणाली, "बाई, ढगाला भिऊन थांबले व्हय?" मी म्हटलं, भिऊन नाही, बघून थांबले. तिला फरक कळला नसावा. मलाही त्या क्षणी राग आवरत नव्हता, कारण उद्या जयंतीची सुट्टी. निम्मी पोरं मिरवणुकीत लेझीम खेळणार होती, शाळेला कुलूप.

इतिहासाचे सर तेव्हाही होतेच. त्यांना कळलं की त्या उड्डाणाला रोज एका सेकंदाचीच वेळ असते, ती चुकली की दुसऱ्या दिवसावर. सर खूश. "म्हंजे त्यांचाबी मुहूर्तच की." मी म्हटलं, सर, त्यांचा मुहूर्त तोच का, असं विचारलं तर ते गणित मांडून दाखवतात. तुमचा का, असं विचारलं तर तुम्ही म्हणता, चालत आलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर व्याही आले. लग्नाची तारीख धरायची होती. सोबत होणारे जावई होते, विहीणबाईंनी धाडलेली पेंड खजुराची पिशवी होती. दादानं ठरवून ठेवलं होतं की आज आखिती सुचवायची. आखिती म्हणजे अक्षय तृतीया, साडेतीन मुहूर्तांतली, तिला पंचांग उघडावं लागत नाही असं आमच्याकडं म्हणतात. आठवड्यावर आली होती. गावातल्या गुरुजींनाही दादानं विचारलं होतं, ते म्हणाले होते, चालवून घेऊ. दादा दाढी करून, धुवट टोपी घालून, भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याला उजेडाकडं तोंड करून बसवलं होतं आम्ही, म्हणजे समोरचा माणूस त्याला जरा तरी दिसावा.

सईनं मोबाईल टीव्हीला जोडला. बाहेरून मिरवणूक चालली होती, निळे झेंडे, हलगी आणि त्या आवाजानं हलणारी आमची मांडणीवरची भांडी. आणि पावणेसहाच्या सुमारास, विजेचे ढग नव्हते म्हणून, ते निघालं. खाली पांढरा लोळ, मग तो वर, मग ढगात एक उजेड, मग काहीच नाही. हलगीच्या ठेक्यावर गुरूकडं निघालेलं यान जगात आम्हीच बघितलं असेल. मला रडू आलं. दादा टीव्हीकडं तोंड करून बसला होता. "पांढरं पांढरं दिसलं गं," हळूच मला म्हणाला.

व्याही फार खूश झाले. आठ वर्षं म्हणजे काय, किती इंधन, कोण चालवतं, सगळं मला विचारलं. शहाणा माणूस, सांगते ना, चौकस. म्हणाले, "मास्तरीणबाई, आपल्या घरात बसून हे बघायला मिळालं, हा शुभशकुनच समजायचा." मी दादाकडं बघितलं. दादानं संधी साधली.

"मंग शकुन झालाच हाय तर आखितीला उरकून घिऊ," म्हणाला. "साधंच करू. दारात मांडव घालू."

व्याह्यांनी बूट जवळ ओढले, पुन्हा बाजूला ठेवले. "गुरूचा अस्त आहे, पाव्हणे. एकुलता एक मुलगा आहे माझा. अस्तात नको. मे महिन्यात रीतसर करू, कार्यालय घेऊ." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि एवढी घाई कशाची?"

वहिनी पदराशी चाळा करायला लागली. सई चहाचे कप उचलून आत गेली, कप अजून भरलेले होते. दादा हसला. "घाई कसली, पाव्हनं. आपलं बोललो."

ते निघाले तेव्हा दिवस बुडाला होता. सगळे अंगणात आलो. पश्चिमेला, शेजाऱ्यांच्या कांद्याच्या चाळीवर, एक चांदणी लखलखत होती. शुक्र. त्या एप्रिलात शुक्र असा काही चमकायचा की दिवा लावलाय असं वाटावं. रस्त्यावर मिरवणुकीतली चार पोरं पाणी प्यायला थांबली होती. व्याह्यांनी त्यांना हाक मारली, हात लांब केला आणि म्हणाले, "पोरांनो, तो बघा गुरू. आज यान गेलं ना, ते तिथं चाललंय."

मी जागच्या जागी उभी राहिले. ज्या गुरूचा अस्त आहे म्हणून या माणसानं तासाभरापूर्वी आमची आखिती मोडली, तोच गुरू हा माणूस आमच्याच अंगणातून पोरांना बोट करून दाखवत होता. अहो, तो दिसतोय ना, मग अस्त कुणाचा? आणि तो अस्ताला गेलाय, तर हा कोण? एक वाक्य. माझ्या ओठावर आलेलं होतं. तोंड उघडलं, आणि दादानं माझा हात दाबला. असा दाबला की बांगडी मनगटात रुतली. मुलीची बाजू. चारचौघांत व्याह्याची चूक काढायची नाही. मला वर्गात पोराच्या उत्तरातली चूक दिसली की अंगावर काटा येतो, आणि तिथं मी गप्प.

वर दादा म्हणाला, "व्हय, लई झळकतोय." त्याचं तोंड पश्चिमेला नव्हतंच. तो विजेच्या खांबाकडं बघत होता.

मेच्या शेवटची तारीख ठरली. मग आम्ही दिवस काढले. कांदा निघाला, चाळीत भरला. नगरच्या खेपा झाल्या, डोळ्यात इंजेक्शन दिलं की दादा बाहेर येऊन चहा मागायचा. रोज संध्याकाळी तो मला यानाची खबर विचारायचा. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागून राहिलं होतं ते. तेवढ्यात बातमी आली की यानाची एक लांब अँटेना दुमडलेली होती ती उघडत नाहीये. बर्फाच्या खाली काय आहे ते तिनंच बघायचं होतं. एक बारीकशी पिन अडकलेली. दादाला हे फार लागलं. "इतक्या लांब निघालंय आन् बघायचंच अडाकलं व्हय," म्हणाला. मग रोज एकच प्रश्न. "उघडलं का गं?" मी सांगायचे, उन्हाकडं फिरवून बघतायत. हलवून बघतायत. धक्के देऊन बघतायत. तो मान डोलवायचा. कुठल्याशा परदेशातली माणसं एका पिनेपायी झोप घालवत होती, आणि आमच्याकडं एका माणसाचा डोळा मावळत होता आणि आम्ही पत्रिकेवर गणपती कुठला छापायचा यावर बोलत होतो.

अँटेना उघडली. त्याच आठवड्यात एका सकाळी दादानं वहिनीला विचारलं की उजाडलं का. उजाडून केव्हाचं झालं होतं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं.

मी त्याला अँटेनाचं सांगितलं, सांगायचं नव्हतं तरी तोंडातून गेलं. तो खाटेवर पडला होता. म्हणाला, "चला. एकाचं तरी उघडलं."

लग्न रीतसर झालं. हायवेवरचं कार्यालय, मोठाले कूलर, आमरस. व्याह्यांना संशय येऊ नये म्हणून वहिनी दादाच्या कोपराला धरून अशी चालत होती जशी काय सबंध जन्म त्याला धरूनच चालत आलीये. मंगलाष्टकं झाली तेव्हा मी त्याच्या मुठीत अक्षता दिल्या. भटजींचा आवाज ज्या कर्ण्यातून येत होता त्या दिशेला त्यानं त्या टाकल्या, त्या फोटोग्राफरच्या डोक्यावर पडल्या. कन्यादानाला सईचा हात दादाच्या हातात दिला. हात सोडून त्यानं तिच्या कपाळाकडं बोटं नेली, मुंडावळ्या चाचपल्या, कानाजवळून खाली गालापर्यंत, पुन्हा वर. "मोती लई बारीक हायेत," म्हणाला. सई रडत होती. सगळ्यांना वाटलं सासरी जायचं म्हणून रडतेय.

आता पुढचं सांगते, ज्यानं माझं डोकं फिरतं. दिवाळसणाला व्याही आले, दादाला नारळ द्यायला हात पुढं केला, दादाचा हात भलतीकडंच गेला. लपवायला काही उरलं नव्हतं. दादानं सगळं सांगितलं, आखितीची घाई कशासाठी होती तेही. आम्हाला वाटलं आता घरी जाऊन सईला बोलणी बसतील. व्याही खाली बसले, नारळ मांडीवर घेऊन. "अहो, मग सांगायचं की," म्हणाले. "आमची आई शेवटची कितीतरी वर्षं अशीच होती. मीच तिला हाताला धरून परसात न्यायचो. असं कारण कळलं असतं तर गुरुजींच्या हातापाया पडून आखितीलाच बार उडवला असता." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आत गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

कुणावर चिडायचं? व्याह्यांवर? दादावर? मुलीकडच्यांनी बोलायचं नसतं हे ज्यानं कुणी ठरवलं तो समोर येत नाही. गुरू तर बिचारा उगवायचा तेव्हा उगवला.

यान अजून पोचलेलं नाही. सरळ गुरूकडं गेलंच नाही ते. एका श्रावणात ते परत पृथ्वीजवळ आलं, मांडवपरतणीला मुलगी येते तसं, इथून वळण घेऊन पुन्हा निघालं. मग शुक्राजवळून गेलं. होय, शुक्राजवळून. म्हणजे त्या संध्याकाळी व्याही जिकडं बोट दाखवत होते तिकडं ते यान खरंच निघालेलं होतं, आणि हे मला कळलं तेव्हा मी आणखीनच चिडले, कारण आता ती चूकसुद्धा धड चूक राहिली नाही. यंदा पावसाळा सरता सरता ते पुन्हा पृथ्वीजवळून जाईल. दादाला सगळा हिशेब पाठ आहे. चाळीत बसून तो कांदा निवडतो, नासका कांदा बोटाला कळतो त्याला, आणि शेजारी बसणाऱ्याला यानाची गोष्ट सांगतो.

रविवारी व्याही सईला न्यायला आले होते. सईची मुलगी आता पावलं टाकते, दादाची टोपी ओढते. संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. दिवस बुडाला. यंदा दोघंही आहेत आभाळात, शुक्र खाली चाळीच्या अंगानं, आणि गुरू वर, चांगला वर. व्याह्यांनी नातीला कडेवर घेतलं, खालच्या चांदणीकडं बोट केलं आणि म्हणाले, "तो बघ बाळा, गुरू. तुझ्या आजोबांचं यान तिथं चाललंय."

मी दात आवळले. सवयीनं. तेवढ्यात दादाचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. त्याला दिसलं नव्हतं काही, पण मी श्वास कसा घेतला ते ऐकलं असणार. "सांग की," म्हणाला.

"पाव्हणं, तो शुक्र आहे," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा. "गुरू त्याच्या वर. तो बघा."

व्याह्यांनी मान वर केली. बघत राहिले. "असं होय," म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. मी आपला जन्मभर त्यालाच गुरू म्हणत आलो." आणि हसत हसत त्यांनी नातीची हनुवटी बोटानं वर उचलली.

दादा हातातल्या टोपीची घडी करत होता. मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, व्याह्यांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "एवढंच हुतं का गं, शके?"

"एवढंच होतं, दादा," मी म्हटलं.